हरिश्चंद्राची पकड

१

मॉल उघडायच्या आधीचा तासभर माझा असतो. तिसऱ्या मजल्यावरचे दिवे अर्धेच लागलेले असतात, फरशी पुसणाऱ्या बायकांच्या बादल्या जिन्याशी खणखणत असतात, खालून फोडणीचा वास वर चढत असतो आणि आमच्या गेम झोनमधली सगळी मशीनं काळी, मुकी उभी असतात. मी एकेकाचं मागचं दार उघडते. पट्टे, पुल्या, वायरी, सेन्सरवरची धूळ. पंजाच्या मशीनांपाशी सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण बिघडतात तीच जास्त. काचेच्या पेटीत टेडींचा ढीग, वर दोरीला लटकणारा तीन बोटांचा पंजा, पुढच्या कोपऱ्यात बक्षीस पडायचा चौकोनी खड्डा. पोरं जॉयस्टिकनं पंजा हव्या त्या टेडीवर नेतात आणि बटण दाबतात. पंजा खाली उतरतो, बोटं मिटतात, वर येतो, आपोआप खड्ड्यावर जातो आणि उघडतो.

दिसतं इतकं साधं ते नसतं, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. पकड किती घट्ट ठेवायची ते मशीनच्या पोटातल्या बोर्डावर ठरवता येतं. आमच्याकडं ती अशी लावलेली होती की पंजा टेडी उचलणार, वर आणणार आणि खड्ड्याकडं जाता जाता स्वतःच बोटं सैल सोडणार. टेडी परत ढिगात. पोराला वाटतं, थोडक्यात हुकलं. हुकलेलं काही नसतं, मशीननं सोडलेलं असतं. असल्या लबाडीला तेल घालायला मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकले नाही, असं मी आमच्या मालकांना, विजयसिंह सरांना, पहिल्याच आठवड्यात सांगितलं. माझ्या वर्गातली सगळी पुण्याला निघून गेली होती. मी कोल्हापुरात मागं राहिले होते ते इथं काहीतरी नीट करून दाखवायचं म्हणून. सर हसले. मी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातलं एक मशीन माझ्या हवाली केलं. मी त्याची पकड पूर्ण घट्ट केली. एकदा धरलं की खड्ड्यापर्यंत सोडायचं नाही.

काउंटरवर बसणाऱ्या मोनानं त्याचं नाव ठेवलं हरिश्चंद्र. रोज संध्याकाळी ती मला हिशोबाऐवजी टोमणा द्यायची, की तुमचा हरिश्चंद्र आज पण राज्य दान करून बसलाय.

त्याचं खरं कौतुक केलं ते फक्त आक्कानं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, राजमती. आई गेल्यावर हातकणंगल्याच्या घरात मला तिनंच वाढवलं. लग्न होऊन कसबा बावड्याला गेली तेव्हा मला बरोबर घेऊन गेली, आणि सम्मेद दाजींनी एका शब्दानं काही म्हटलं नाही. त्यांची दुधाची डेअरी आहे. एका रविवारी आक्का मॉलमध्ये आली, चप्पल काढून ठेवावी की नको अशा चेहऱ्यानं हरिश्चंद्रासमोर उभी राहिली, आणि पहिल्याच फटक्यात तिनं पिवळं बदक उचललं. बदक खड्ड्यात पडेपर्यंत तिनं श्वास धरला होता. मग म्हणाली, "सोडत न्हाय की गं खरंच." मला कॉलेजात मिळालेल्या कुठल्याही मार्कांपेक्षा ते जास्त होतं.

ती जानेवारीतली सकाळ होती. मी आत शिरले तेव्हा मोना कोपऱ्यात उभी होती. मला म्हणाली, "मॅडम, तुमचा हरिश्चंद्र मूठ आवळून झोपलाय बघा."

मेन स्विच बंद होता. आणि पंजा मिटलेला होता.

ह्यात चुकीचं काय ते सांगायला हवं. पंजाच्या डोक्यात तांब्याच्या तारेची एक कॉइल असते आणि कॉइलमध्ये एक लोखंडी दांडा. वीज आली की दांडा वर ओढला जातो आणि बोटं मिटतात. वीज गेली की दांडा आपल्याच वजनानं खाली येतो, बोटं उघडतात. म्हणून बंद मशीनचा पंजा नेहमी उघडा लोंबतो, सुकलेल्या फुलासारखा. बाकीच्या मशीनांत तसाच होता. हरिश्चंद्राचा मात्र मागच्या भिंतीशी, पार लांबच्या कोपऱ्यात, तिन्ही बोटं घट्ट मिटून थांबला होता. बोटांत काही नव्हतं.

दांड्यात थोडं चुंबकत्व उरलं असेल, असं मी मोनाला सांगितलं. होतं असं कधीकधी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं मी पंजाच्या डोक्यावर दोनदा ठोकलं. बोटं उघडली नाहीत. तिसऱ्यांदा ठोकायला हात उचलला आणि फोन वाजला. दाजी होते.

२

आक्का पहाटे दूध घेऊन स्कूटरवरून निघाली होती. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना लाल दिवा ना चमकणारी पट्टी. अंधारात ती आक्काला दिसली नाही.

ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावा म्हणून मी दोन हंगाम ओरडत होते. सह्या गोळा केल्या होत्या, मित्रमैत्रिणींना घेऊन रात्री रस्त्यावर उभी राहून स्वतः पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्या ट्रॉलीला चिकटवली नव्हती. किती ट्रॉल्या असतात, सगळ्यांना कोण पुरणार, असं लोक मला समजावत होते आणि मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

डोक्याला मार होता. ऑपरेशन झालं. मग आक्का मशीनवर. छाती वर येते, खाली जाते, पण ते तिचं नव्हे, नळीतून ढकललेल्या हवेचं. डॉक्टरांनी सांगितलं, वाट बघायची. मी त्यांना विचारलं, कशाची? ते शांतपणे म्हणाले, दोन्हीपैकी एकाची. मी त्यांच्याशी भांडले. पुण्याच्या, बेळगावच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवले, त्यांच्याशीही भांडले. आक्काच्या सासूबाई, बाळाबाई, बाहेर बाकावर पदर घेऊन बसायच्या आणि ओठांतल्या ओठांत णमोकार म्हणायच्या. मी त्यांच्यावरही एकदा खेकसले, की मंत्रानं सूज उतरत नाही. त्या म्हणाल्या, व्हय गं बाळ, आणि पुन्हा सुरू केला.

शेवटी दाजींनीच मला हाताला धरून जिन्यापर्यंत आणलं. तू कामावर जा म्हणाले, दिवसाचे चार तास तरी जा, इथं तू स्वतःलाही जाळतेयस आणि आम्हालाही.

३

हरिश्चंद्रावर 'बंद आहे' असा कागद लावलेला होता. मी नव्हते तेवढे दिवस त्याला कुणी हात लावला नव्हता, मोना शपथेवर सांगत होती. प्लगसुद्धा काढून ठेवलेला. पंजा अजून मिटलेलाच होता.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. हा एक बिघाड असा होता की ज्याच्याशी मी भांडू शकत होते. मी मागचं दार उघडलं, पंजाच्या डोक्याचं झाकण काढलं. वायरी तोडल्या. कॉइलच बाहेर काढली. आता दांडा धरून ठेवायला आत काहीच नव्हतं, ना वीज, ना चुंबक. दांडा तरी वर. बोटं तरी घट्ट. गंज? दांडा चकचकीत होता. बोटाचा सांधा अडकला असेल म्हणून तेल सोडलं. ते बोटावरून ओघळून टेडीच्या कानावर पडलं, बस.

मग मी पंजाला हळूच झोका दिला.

लंबक आपण आठवीत शिकतो. झोक्याला किती वेळ लागतो ते वजनावर ठरत नाही, लांबीवर ठरतं. आखूड दोरी, भरभर झोका. लांब दोरी, सावकाश. हरिश्चंद्राची दोरी त्या वेळी हातभरसुद्धा खाली सोडलेली नव्हती. पंजा भरभर हलायला हवा होता. तो सावकाश गेला. इतका सावकाश की मला वाटलं थांबला. मग तेवढ्याच सावकाश परत आला. मी मनातल्या मनात गणित मांडलं, कारण मला दुसरं काही येत नाही. पंजाला जे लटकलं होतं ते पेटीच्या तळाच्या खाली असायला हवं होतं. ह्या मजल्याच्याही खाली. खालच्याही.

मी पुन्हा झोका दिला नाही. हवेचा झोत असेल, पट्टा घासत असेल, मी झोपले नव्हते. कारणं पुष्कळ होती. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक एका बोटाखाली घातलं आणि जोर लावला. बोट किंचित उचललं गेलं. त्याबरोबर दोरीतून कापरं गेलं, बादली विहिरीच्या काठाला लागल्यावर रहाटाच्या दोरातून जातं तसं.

खिशातला फोन थरथरला. दाजी होते, आवाज फाटलेला. काय झालं कुणास ठाऊक, आक्का आत्ता ह्या क्षणाला एकदम एका अंगाला कलली म्हणाले, सगळी मशीनं ओरडतायत.

मी स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. बोट जागेवर बसलं.

थोड्या वेळानं दाजी म्हणाले, थांबलं. झालं आता शांत.

योगायोग. हा शब्द मी त्या दिवशी मोठ्यानं उच्चारला, आणि मोना माझ्याकडं बघत राहिली.

४

संध्याकाळी नर्सनं आक्काची कूस बदलली तेव्हा मी आत होते. ती पाठ पुसत होती आणि स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होती. इतके दिवस एका जागी पडून असलेल्या पेशंटची पाठ सोलवटते, टाचा लाल होतात, कितीही जपा. पण ह्या ताईंना कुठं साधा वळ न्हाय. नशीब म्हणायचं.

मी टाचांकडं बघितलं. चादरीवर टाचा टेकल्या होत्या, पण चादरीला खळगा नव्हता. डोक्याखालची उशी फुगलेली होती, दुकानातून आणल्यासारखी.

नर्स गेल्यावर मी हात आक्काच्या पाठीखाली सरकवला. सहज गेला. टेबलावरच्या कागदाखाली जातो तसा. तळहाताला तिच्या झग्याचं कापड लागत होतं, त्यातून ऊब लागत होती, वजन नव्हतं. मी हात तिथंच ठेवून उभी राहिले. नळीतली हवा तिची छाती वर उचलत होती, खाली सोडत होती, आणि माझ्या हातावर काहीच येत नव्हतं.

बाहेर बाकावर नातेवाईक जमले होते. बाळाबाईंचं म्हणणं होतं की पोरीचा जीव कशात तरी अडकलाय. आमच्याकडं असं म्हणतातच. माणूस धड इकडं ना तिकडं झालं की विचारायचं, जीव कशात अडकलाय, आणि मग ज्याच्यावर जीव होता ते आणून समोर धरायचं. कुणी तिच्या हातच्या लोणच्याची बरणी आणली होती. कुणी डेअरीतल्या म्हशीच्या गळ्यातली घंटा. एक मावशी माझ्याकडं बघून म्हणाली, अडकला असंल तर हिच्यातच.

एरवी मी तिथं भाषण दिलं असतं. त्या दिवशी मी फक्त विचारलं, अडकलेला जीव सोडवला की काय होतं?

"सुटतं की माणूस," बाळाबाई म्हणाल्या.

सुटतं म्हणजे काय, बरं होतं की मरतं, हे मी विचारलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. आमच्याकडं दोन्हीला एकच शब्द आहे.

५

पंजा सरकत होता, हे मला मुद्दाम बघेपर्यंत कळलं नव्हतं. पहिल्या सकाळी तो मागच्या भिंतीशी होता. आता पेटीच्या मधोमध आला होता. मी काचेवर बाहेरून पेनानं खूण केली, आणि दुसऱ्या दिवशी तो खुणेच्या पुढं होता. प्लग काढलेला, मोटरच्या वायरी तोडलेल्या.

मी स्टूल ओढून समोर बसले. मशीनं कशी बिघडतात हे मला ठाऊक होतं, आणि बघता बघता माझ्या ध्यानात आलं की हे मशीन बिघडलेलंच नाही. ते चालू होतं. धरलं, उचललं, आता नेतंय. नेहमीचाच फेरा, फक्त फार सावकाश. पुढची पायरी मला पाठ होती. पंजा खड्ड्यावर जाणार आणि तिथं आपण होऊन उघडणार.

आणि मधे सोडणार नाही. बाकीच्या सगळ्या मशीनांनी सोडलं असतं. कुठल्याही लबाड पंजानं आतापर्यंत बोटं सैल केली असती, आणि आक्का परत ढिगात पडली असती, जिथून उचलली तिथं, आपल्यात. ह्या एकाच मशीनला मी खरं वागायला लावलं होतं.

मी बोर्डाला दुसरीकडून वीज दिली, पकड शून्यावर आणली. बोर्डानं मुकाट्यानं शून्य दाखवलं. वरच्या पंजाला त्याचं काही नव्हतं. पंजा ज्याला लटकून सरकतो तो वरचा गाडा मी हातानं मागं ढकलून बघितला. इंचभर मागं गेला आणि हात काढताच पुन्हा तेवढाच पुढं आला, बैलगाडी उताराला लागल्यासारखा. खड्ड्यावर प्लायवूड ठोकलं. सकाळी प्लायवूड जिथल्या तिथं होतं, पण मधोमध चिरलं होतं, आतून वर.

मी काचेला कपाळ टेकलं आणि मशीनला सांगितलं की लबाडी कर. एकदा कर. मी चुकले, तू बाकीच्यांसारखा हो. मागं फरशी पुसणारी बाई थबकली, आणि बादली उचलून दुसऱ्या बाजूला गेली.

त्याच सकाळी मी काच सोडून मागं वळले, दिव्यांचं बटण लावायला. परत फिरले तर जॉयस्टिक कलली होती. जॉयस्टिकला स्प्रिंग असते. हात काढला की ती सरळ होते, नेहमी. ही खड्ड्याच्या दिशेनं पूर्ण कलून थांबली होती. मूठ इतकी दाबलेली की रबर चपटं झालं होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. काचेत मी दिसत होते, माझ्यामागचे दिवे दिसत होते, आणि माझ्या आणि मशीनच्या मधे जेवढी जागा होती तेवढ्या जागेत काच थोडी धुरकट होती, कुणीतरी जवळून श्वास सोडल्यावर होते तशी.

मी पाऊल पुढं टाकलं. जॉयस्टिक खट् करून सरळ झाली. काच हळूहळू निवळली.

६

विजयसिंह सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन बसवलं, चहा मागवला, आक्काची चौकशी केली. मग म्हणाले की हे मशीन तुझ्या डोक्यात गेलंय, पोरी सांगतायत तू त्याच्याशी बोलतेस. त्यांनी ते सांगलीच्या एका माणसाला विकलं होतं. उद्या सकाळी टेम्पो येणार होता. मी हात जोडले, आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं. चार दिवस द्या म्हटलं. त्यांना ते बघवलं नाही, पण त्यांनी शब्दही फिरवला नाही. कोल्हापुरात शब्द दिला की दिला, असं त्यांनी मलाच ऐकवलं.

तिथून हॉस्पिटलात गेले तर दाजी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टरांनी त्यांना बोलावलं होतं. आता मेंदूकडून काहीच येत नाही म्हणाले होते. घरच्यांनी ठरवायचं, नळी काढायची का. सासरची सगळी माणसं एका मताची झाली होती. बाळाबाईसुद्धा, लेकरू लई दमलंय म्हणाल्या. 

मी नाही म्हटलं. नाही, नाही, नाही. एक दिवस थांबा. का ते मी सांगू शकत नव्हते.

"तू तिची पोरगीच हायस," दाजी म्हणाले. "तुझ्या तोंडून ऐकल्याबिगर मी कायबी करणार न्हाय. कुणीबी काय म्हणू दे."

७

सकाळी मी गेले तेव्हा पंजाचं एक बोट खड्ड्याच्या काठावरून पुढं गेलं होतं.

मोना आधीच आलेली होती, आणि तिनं तोंडातून टोमणा काढला नाही. मी तिला सगळं सांगितलं, वेड्यासारखं, उभ्याउभ्या. तिनं मला मधे थांबवलं. म्हणाली, "मला त्यातलं काय कळत न्हाय. काय करू तेवढं सांगा."

पंजा ढिगाच्या वर असताना उघडायचा होता. एकट्यानं होण्यासारखं नव्हतं. मी पुढची काच काढली आणि कंबरेपर्यंत आत शिरले, दोन्ही तळवे गाड्याला लावले. मोना मागच्या दारातून आत वाकली, हातात पक्कड घेऊन. तिनं दांड्याचं टोक पक्कडीत धरायचं आणि मी 'सोड' म्हटलं की सगळा जोर लावून खाली ओढायचं. मी सांगितल्याशिवाय नाही. खड्ड्यावर चुकून उघडला तर संपलं.

मी ढकलायला लागले. गाडा हलेना. मग हलला, केसभर. पाय फरशीवरून घसरत होते. मॉलचे स्पीकर तेवढ्यात सुरू झाले, रोज सकाळी चाचणीला लावतात ते गाणं, मोठ्या आवाजात. फोन वाजला. न उचलण्याची माझी हिंमत नव्हती. त्या दिवसांत प्रत्येक फोन तो फोन असू शकत होता. मी एका हातानं तो काढला, खांदा आणि कान ह्यांच्यात दाबला, आणि पुन्हा दोन्ही हातांनी गाडा रेटला.

दाजी बोलत होते. पेटीच्या पत्र्यात आवाज तुटत होता. सगळी हायत इथं, असं ऐकू आलं. डॉक्टर, असं ऐकू आलं. मग काहीतरी लांब, त्यात माझं नाव. मी हं म्हटलं, थांबा म्हटलं, की म्हटलंच नाही, मनातच म्हटलं. गाडा सरकत होता. बोट काठाच्या आत आलं. आणखी थोडा. पंजाच्या खाली आता अस्वलाचं पोट होतं, सशाचा कान होता, खड्डा नव्हता.

"सोडू?" मोनानं मागून विचारलं.

"सोड," मी म्हणाले. "सोड, सोड आता."

फोन अजून कानाशीच होता. तिकडं कुणीतरी हुंदका दिला.

"बरं," दाजी म्हणाले, आणि फोन बंद झाला.

मोनानं ओढलं. बोटं उघडली. बोटांतून काही पडलेलं दिसलं नाही, पण ढीग दबला. धप्प असा मऊ, जड आवाज झाला आणि कडेची टेडी घरंगळून मधे आली. मधोमध खळगा पडला, लांबट, एका टोकाला रुंद. एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेल्या माणसाखाली पडतो तसा. आक्का तशी झोपते. वर दोरी भरभर झुलत होती, आखूड दोरी झुलते तशी. खड्ड्यातलं बक्षीस बाहेर काढायची झडप हललीसुद्धा नव्हती.

मोना म्हणाली, "अगं बाई."

मी हसले. आम्ही जिंकलो होतो. तिला परत टाकलं होतं. मी हसता हसता मोनाकडं बघितलं आणि तेव्हा ते 'बरं' माझ्यापर्यंत पोचलं.

दाजींनी काय विचारलं होतं?

मी फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. रिक्षानं गेलं तरी ताराराणी चौकात अडकायला होतं; पळत गेलं तरी किती वेळ लागेल ते मी मनात मोजलं आणि निघाले, खरंच निघाले. शटरपाशी टेम्पोवाला आणि त्याची दोन माणसं उभी होती, दोरखंड घेऊन. मोना त्यांच्यासमोर आडवी उभी राहिली. थांबा की पावणं, जरा दम काढा, असं ती दरडावत होती, पण तिचा आवाज तिचा वाटत नव्हता, आणि ती त्यांच्याकडं बघतच नव्हती. ती माझ्या मागं बघत होती.

मी वळले. टेडींचा ढीग वर आला होता. थोडासाच. मग तो खाली गेला. मग पुन्हा वर आला. सशाचा कान त्याबरोबर हलत होता.

मी परत आत शिरले आणि दोन्ही हात त्या खळग्यावर ठेवले. ऊब होती. आणि वजन होतं, ह्या खेपेला पुरतं वजन, तळव्यांना खालून वर ढकलणारं. ते नळीतल्या हवेसारखं एकसारखं नव्हतं. मधेच लांब, मधेच अडखळत. कुणाचंतरी स्वतःचं होतं.

आक्का, मी म्हटलं. मी हाय गं. सोडत न्हाय.

टेडींवर पडलेला फोन वाजायला लागला. दाजींचं नाव आहे. मी उचललेला नाही. जोवर उचलत नाही तोवर त्यांनी काय केलं ते झालेलं नाही, हे मी शिकलेल्या कुठल्याच पुस्तकात बसत नाही, मला कळतंय. तरी मी हात काढत नाही. फोन वाजतो आणि थांबतो. टेम्पोवाला काहीतरी बोलतोय. ढीग माझ्या हातांखाली वर आला, हळूहळू खाली गेला.

आता तो वर यायला हवा.